ढगातले हस्ताक्षर

“काका, हा ढग अजून रिकामाच?” गिरीराजने पानावर बोट टेकवले.

हयवदनराव लेखणी पुसत राहिले. कोरमंगलातल्या त्या चित्रकथांच्या कार्यालयात पात्रांचे बोल हाताने लिहिण्याचे काम ते केस काळे होते तेव्हापासून करीत आले होते. प्रत्येक पात्राला त्यांनी स्वतंत्र हस्ताक्षर दिले होते. नायिका चित्प्रभेचे अक्षर टपोरे, उजवीकडे झुकलेले. धरण फोडायला निघालेल्या अभियंत्याचे बारीक, टोकदार. शेवटच्या पानावर चित्प्रभा आपल्या सिद्धीने त्याच्या मनात शिरते आणि त्याच्या डोक्यावरच्या विचारांच्या ढगात शब्द उमटतात : ‘मलाच हे नको आहे.’

“कोणाच्या अक्षरात लिहू?”

“त्याच्याच. विचार त्याचा आहे ना!”

“विचार तिचा आहे. तिने आत नेऊन ठेवलेला.”

कथा गिरीराजची होती. पुण्याहून आलेला तो मुलगा हसून म्हणाला, “काका, धरणाखाली अख्खं शहर झोपलंय. एकाचं मन जरा वळवलं तर काय बिघडलं?”

“हात धरावा त्याचा. हात धरला, तर कोणीतरी धरलाय एवढं तरी कळतं.”

गिरीराजने सकाळपर्यंत पान मागितले.

परतीच्या बसमध्ये हयवदनरावांना बालपणीचे स्वयंपाकघर आठवले. आई सोवळ्यात असली की मुले उंबरठ्याशी थबकत. हाकेच्या अंतरावरची आई तेवढा वेळ देवासारखी अस्पर्श होई. मनुष्याचे मन तर जन्मभर सोवळ्यातच असते, असे त्यांना वाटले. समोर कंडक्टर सुटे पैसे शोधत होता, एक फुलवाली पेंगत होती. प्रत्येकाच्या मस्तकात एकेक अथांग आकाश, आणि ते दुसऱ्या कोणीही कधी पाहिलेले नाही! त्यांनी नकळत हात जोडले.

घरी लेक संहिता वाट पाहत होती. लडाखच्या वेधशाळेत तिला नोकरी मिळाली होती. होकार उद्याच कळवायचा होता. तिची आई गेल्यापासून घरात बापलेकच उरली होती. हयवदनरावांनी नको असे म्हटले नव्हते. तिकडे धाप लागते म्हणे, एवढेच एकदा जेवताना पुटपुटले होते, आणि उसासा टाकला होता.

“अप्पा, मलाच जावंसं वाटत नाही. इथंच बरं आहे. सरी? ठीक ना?”

क्षणभर त्यांना आनंद झाला. मग ते दचकले. पूर्वी नृत्याचा वर्ग सोडतानाही ती ‘मलाच नको वाटतंय’ असेच म्हणाली होती, आणि त्याही वेळी आधी उसासा त्यांचाच होता. लेकीच्या ढगात त्यांना स्वतःचे अक्षर दिसले.

“हे तू म्हणतेस, बाळ, की मी?”

ती गोंधळली. “मग तुम्हीच जा म्हणा. जाते.”

‘जा’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. तो उदार होता. पण त्याचेही अक्षर त्यांचेच असणार होते.

“तेही म्हणणार नाही.”

“नेहमी सांगता, अप्पा. आज स्वल्प मदत मागितली, तर मौन?” ती उठली आणि तिने खोलीचे दार लावून घेतले.

ते दारापर्यंत गेले. टकटक करण्यासाठी उचललेला हात त्यांनी खाली घेतला. जिला अंगाखांद्यावर वाढवले ती आत बसली होती, आणि तिला आपण अद्याप पाहिलेच नाही, या जाणिवेने ते नतमस्तक झाले.

सकाळी त्यांनी पान पुरे केले. गिरीराज ते बराच वेळ निरखत राहिला. अभियंत्याच्या ढगात चित्प्रभेचे टपोरे, झुकलेले अक्षर होते.

“काका, हे बघून भीती वाटते.”

“वाटू दे.”

संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा संहितेच्या खोलीचे दार उघडे होते. पलंगावर रिकामी बॅग होती.

“अप्पा, अम्माचा लोकरीचा स्वेटर कुठं आहे?” तिने वळून न पाहता विचारले.

त्यांनी ट्रंक उघडली, स्वेटरच्या घडीतल्या डांबरगोळ्या झटकल्या, आणि उंबरठ्याबाहेर उभे राहूनच तो पुढे धरला.