पाण्याबाहेरचा खिळा

रविवार, १४ सप्टेंबर, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. बाहेरच्या धक्क्याला बांधलेल्या नौका सतरा. पैकी सोळा नौकांची तपासणी मोजणीदाराने एकोणपन्नास मिनिटांत आटोपली होती. सतराव्या नौकेपाशी मात्र त्याची छोटी होडी जी थांबली, ती हलेना.

शर्यत जुन्या लाकडी शिडाच्या नौकांची होती. त्यांतली सर्वांत धाकटीही साठी ओलांडलेली. अशा दोन नौका कधी एकसारख्या नसतात. म्हणून प्रत्येकीची मोजणी करून तिला एक गुणांक दिला जाई आणि शर्यतीला लागलेला वेळ त्या गुणांकाने गुणून निकाल लावला जाई. मोजणीच्या वेळी रिकामी नौका जिथवर बुडेल, तिथे पुढे आणि मागे एकेक पितळी खिळा ठोकत. शर्यतीच्या सकाळी माणसे उतरवून पाहायचे ते इतकेच, की पाणी खिळ्याला टेकते आहे की नाही. सोळा नौकांचे टेकले होते. सतरावीचे खिळे कोरडे होते. मोजणीदाराने पट्टी लावली. पंधरा मिलिमीटर.

तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून बेचाळीस वर्षे त्याच्या हातात मोजपट्टी होती. क्लबात त्याला पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि ते त्याला ठाऊकही होते. त्याने मनातल्या मनात आकडेमोड केली. पंधरा मिलिमीटर वर, म्हणजे सुमारे दोनशे साठ किलो वजन गायब. नौकेच्या तळाशी वीस वीस किलोच्या शिशाच्या विटा असतात. म्हणजे तेरा विटा. हलकी नौका पळते. आणि वजन काढल्याचे सिद्ध झाले, तर नियमाप्रमाणे तिचे नाव जुन्या नौकांच्या नोंदवहीतून कायमचे पुसले जाते.

नौका त्याच्या मेहुण्याची होती.

“काय दाजी, प्रेमात पडलात की काय आमच्या नौकेच्या?” मेहुणा धक्क्यावरून ओरडला. “सांगू का ताईला?”

मोजणीदार हसला नाही. कुजलेला सांगाडा म्हणून मिळालेली ही नौका मेहुण्याने अकरा वर्षे खपून, फळी न् फळी स्वतःच्या हाताने बदलून उभी केली होती. लग्नाचा विषय काढला की तो म्हणे, आधी हिला पाण्यात उतरू द्या. अशा माणसाच्या नौकेचे नाव आपल्या सहीने पुसावे लागणार, या विचाराने मोजणीदाराने पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. पण संशयाचा किडा एकदा वळवळू लागला, की तो आपले खाद्य आपणच शोधून काढतो. आतल्या तळफळ्यांना ताजे व्हार्निश कशासाठी? शुक्रवारी दुपारी धक्क्यावर मागचे दार उघडे टाकून उभी असलेली ती बंद गाडी कोणाची? आणि हा आज इतका खुशीत का?

त्याने वहीत आकडा लिहिला, वही मिटली आणि कोणालाही काही सांगितले नाही. शंका असलेल्या नौकेला शर्यतीत उतरू द्यावे व तपासणी नंतर करावी, असा नियमच होता.

दहा वाजता शर्यतीचा भोंगा वाजायचा होता. त्या एका भोंग्यासाठी तीन महिने पत्रव्यवहार झाला होता, कारण बंदर काही शर्यतीसाठी थांबत नाही. दर वीस मिनिटांनी फेरीबोट आडवी जाई, आणि पावणेबाराला तेलवाहू जहाज आत यायचे होते. पंचांच्या बोटीवर मोजणीदाराशेजारी त्याची बायको गळ्यात दोन घड्याळे अडकवून बसली होती. वेळ नोंदवण्यात तिचा हात धरणारा क्लबात कोणी नव्हता.

“शर्यतवाले, फेरी सुटतेय,” नियंत्रण कक्षातल्या बाईंचा आवाज रेडिओवर खरखरला. “तुमचे ते रुमाल जरा बाजूला घ्या.”

“रुमाल नाहीत हो ते, शिडं आहेत!” बायको म्हणाली.

“माझ्या खिडकीतून रुमालच दिसतात. चार मिनिटं थांबा.”

दहा वाजून चार मिनिटांनी भोंगा वाजला. सतरा नौका एका अंगावर कलून वळणाच्या तरंगत्या बोयाकडे निघाल्या. मोजणीदाराची दुर्बीण एकीवरच खिळून राहिली.

“अहो, सोळा आणखी आहेत,” बायको म्हणाली. “भावाकडे असं काय बघताय, पोलिसासारखं?”

“तू समाप्तीच्या रेषेवर लक्ष दे.”

शेवटची नौका समाप्तीची रेषा ओलांडून जहाजाच्या वाटेतून बाहेर पडली आणि सहा मिनिटांनी तेलवाहू जहाजाचे नाक दिसले. मेहुण्याची नौका एक तास चौतीस मिनिटे दहा सेकंदांत आली होती. गुणाकार झाला आणि दाढीवाल्या कप्तानाच्या नौकेमागे तेवीस सेकंदांनी तिचा दुसरा क्रमांक लागला.

एक वाजता मोजणीदार मेहुण्याच्या नौकेवर चढला. “तळफळ्या उचल.”

“आत्ता? जेवण तरी—”

“आत्ता.”

मेहुण्याचे हसू मावळले. विटा एकेक करून वर आल्या. नोंदीत साठ होत्या, निघाल्याही साठ. आत पोकळ असतील म्हणून मोजणीदाराने तीन विटा काट्यावर ठेवल्या. वीस, वीस, वीस.

“दाजी,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही मला चोर समजताय?”

“मी काही समजत नाही. मी मोजतो.”

“सकाळपासून समजताय. मला वाटलं, नौका आवडली तुम्हाला.”

विटा पुरत्या होत्या आणि खिळे तरीही कोरडे होते. तेव्हा वजन गेले होते ते दुसरीकडून कुठून तरी. त्याने शेवटचा उपाय काढला. एप्रिलमध्ये फळ्या बसवण्याचे काम संपल्यावर ही नौका आतल्या गोदीत मोजली होती. विटा जागच्या जागी लावून तिथेच पुन्हा न्यायची. वाटेत कोणी काही चढवू नये म्हणून तो स्वतः ओढणाऱ्या होडीत, पुढच्या खिळ्यासमोर बसला. बायको मागच्या खिळ्यावर नजर ठेवून होती. रिकाम्या नौकेवर माणूस नव्हता, साधी दोरीची गुंडाळीही नव्हती. मेहुणा धक्क्यावरून हात मागे बांधून चालत आला.

गोदीचा बाहेरचा दरवाजा मागे मिटला, आतला उघडला. नौका पुढे सरकली. आणि कोणी बोट न लावता पाणी खिळ्याकडे चढत गेले. गोदीच्या मध्यावर ते खिळ्याला टेकले.

“मागचाही टेकला!” बायको ओरडली.

मोजणीदाराने आधी गोदीच्या काठाकडे पाहिले, मग मेहुण्याच्या हातांकडे. त्यानंतर त्याने बोट पाण्यात बुडवून जिभेला लावले.

पाणी गोडे होते. आतल्या गोदीत नदी येऊन मिळत होती. गोड्या पाण्यात नौका अधिक बुडते, खाऱ्यात वर येते; ही पहिल्या वर्षाची, पहिल्या सत्राची गोष्ट. सोळा नौका त्याने बाहेर खाऱ्यात मोजल्या होत्या, सतरावी इथे, आणि दाखल्यावर पाण्याचा रकाना मोकळा सोडून खाली सही ठोकली होती. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच चूक पट्टीच्या या टोकाला निघाली होती.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “गोड्यात ती जास्त बुडाली, म्हणून पाण्याच्या रेषेवर मी तिची लांबी जास्त धरली, आणि लांब नौकेला गुणांक जास्त. गुणांक ०.९१२ नाही, ०.९०६ हवा.”

बायकोने तिथेच गुणाकार केला. चौतीस सेकंद कमी होत होते, आणि कप्तानाची आघाडी तेवीसच सेकंदांची होती.

“राहू द्या, दाजी,” मेहुणा म्हणाला. “नोंदवहीत नाव राहिलं, मला तेवढं पुरे. आता निकाल फिरवलात तर लोक तुम्हाला फाडून खातील. मेहुण्यासाठी केलं म्हणतील.”

“म्हणू देत.”

“म्हणणारच हो,” बायको म्हणाली. “सकाळी तुमचा चेहरा बघून मी तर उलटंच म्हणाले असते, माझ्या भावाच्या वाईटावर आहात म्हणून.”

क्लबाच्या खोलीत दाढीवाल्या कप्तानाने दाखला दोनदा वाचला. “मिलिमीटरसाहेब, तुमचा मेहुणा दुसरा येतो आणि तुमची मोजणी चुकते. दोन्ही एकाच दुपारी?”

“हो. म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची पट्टी घ्या, तुमची माणसं घ्या. आधी आत मोजा, मग बाहेर.”

कप्तानाने खरोखरच स्वतःची पट्टी घेतली. गोदीत तो खिळ्यापाशी पालथा झोपला, पाणी चाखून थुंकला. बाहेरच्या धक्क्याला पुन्हा पालथा झाला. पाऊण तासाने परतला तेव्हा त्याची दाढी ओली होती.

“पंधरा,” तो नाखुशीने म्हणाला. “पण पुढच्या वर्षी मोजणीला दुसरा माणूस हवा.”

“राजीनाम्याचा अर्ज लिहून आणलाय,” मोजणीदार म्हणाला आणि त्याने तो टेबलावर ठेवला.

बाहेर मेहुणा बहिणीला सांगत होता, “ताई, यांना म्हणावं, आठ दिवस मी बोलणार नाही. विटा मोजायला लावल्या मला, साठच्या साठ!”

चार वाजता मोजणीदाराने फळ्यावर सुधारित निकाल स्वतःच्या हाताने लिहिला. वर ‘मोजणीतील चूक : माझी’ असे लिहून सही केली. खाली पहिल्या क्रमांकावर मेहुण्याची नौका, दुसऱ्यावर कप्तानाची. अंतर अकरा सेकंद.