मॅलरीच्या दोन सह्या

दुपारचे चार वाजून गेले होते आणि उज्ज्वला अजून काचेच्या टेबलावरून उठली नव्हती. टेबलाखालचा दिवा चालू होता. काचेवर दोन बटर पेपर एकावर एक ठेवलेले होते आणि दोन्हींवर एकाच माणसाची सही होती: टेड मॅलरी, ‘कोल्ड फर्नेस’ या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

एक सही तिनंच विकलेल्या काळ्या गिटारवरची होती. ती गिटार काल सुरतेच्या वेसू भागातल्या एका नव्या कॅफेत भिंतीवर चढली होती आणि आज संध्याकाळी सहाला कॅफेचं उद्घाटन होतं. दुसरी सही कोलकात्याच्या एका संग्राहकाकडच्या रेकॉर्डच्या कव्हरावरची. त्यानं सकाळी सहज फोटो पाठवून विचारलं होतं, ‘मॅडम, ही खरी वाटते का?’

उज्ज्वलानं दोन्ही सह्या फोटोंवरून एका मापात छापून काढल्या आणि एकमेकींवर ठेवल्या. तंतोतंत बसल्या. केसभरही फरक नाही.

कुठलाच माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सुरतेच्या नवागाम वस्तीत, कापडाच्या लूमच्या खडखडाटात ती वाढली. त्या आवाजावर मात करणारं पहिलं काही तिला मिळालं असेल तर ते रॉक संगीत. पुढं रिंग रोडवरच्या एका डिझाइन स्टुडिओत तिनं बारा वर्षं साड्यांचे बुट्टे आणि कैऱ्या काढल्या. ते काम सुटलं तेव्हा रेषा ओळखणारी नजर आणि गाण्यांचं वेड, एवढंच हाताशी होतं. त्यातून हा धंदा उभा राहिला. रॉकवाल्यांच्या सह्या असलेल्या रेकॉर्डी, ड्रमच्या काड्या, पोस्टरं ती देशभर विकायची आणि प्रत्येक वस्तूसोबत स्वतःच्या सहीचं खात्रीपत्र द्यायची. ‘उज्ज्वला पाटीलनं बघितलंय ना, मग झालं,’ असं लोक म्हणायचे.

तिनं भिंग उचललं. ‘एम’ची कमान जिथं वळते तिथं शाईचा एक बारीक ठिपका होता. लिहिणाऱ्यानं क्षणभर पेन उचललं होतं. दोन्हीकडे, त्याच जागी.

वळणावर पेन उचलायची ही खोड तिच्या ओळखीची होती. कैरीच्या शेपटाशी असाच ठिपका पडायचा आणि ती ओरडायची, “ललित, हात उचलू नकोस रे, रेघ तुटते!”

ललित सहा वर्षं स्टुडिओत तिच्या शेजारी बसला होता. गेल्या दोन वर्षांत मॅलरीच्या वस्तू त्यानंच आणून दिल्या होत्या. मुंबईच्या एका पारशी कुटुंबाकडून मिळतात म्हणायचा.

मंगलाबाई चहा घेऊन आली. लेकीकडं बघून कप हातातच राहिला. “काय व्हयनं वं पोरी? तोंड उतरी गयं तुनं.”

“काही नाही, आई. जरा जाऊन येते.”

ललितचं घर गोडादऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यानंच उघडलं. तिच्या हातातले बटर पेपर दिसले तशी त्याची नजर खाली गेली. तिला काही विचारावंच लागलं नाही.

“किती?” एवढंच ती म्हणाली.

“आत या ताई.”

“किती वस्तू, ललित?”

तो जिन्याकडं बघत राहिला. खालून एक बाई बादली घेऊन वर आली, त्यांना वळसा घालून पुढं गेली. ती दिसेनाशी झाल्यावर तो म्हणाला, “कुणाला कळणार आहे? सुरतेत ओळखणारं माणूस एक. तुम्ही.”

“आणि मलाच तू फसवलंस.”

“फसवलं?” त्याचा आवाज एकदम चढला. “सहा वर्षं हातानं बुट्टे काढले. मग कॉम्प्युटर आला आणि शेठ म्हणाला, हाताचं काम आता कोण घेतो! तुम्हाला तरी हा रस्ता सापडला. मला काय सापडलं? आणि पहिली गिटार आणली तेव्हा त्या सहीवरून बोट फिरवताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आठवतं? ते माझ्या हाताला आलं होतं ताई, मॅलरीला नाही.”

खरंच आलं होतं पाणी. या माणसाच्या कानफटात मारावी की तिथंच पायरीवर बसून रडावं, तिला कळेना.

“सहाला उद्घाटन आहे,” ती म्हणाली. “मी सांगणार आहे.”

“माझं नाव घेणार?”

ती वळली. जिना उतरताना वरून त्याची हाक आली, “ताई, तुमचाच धंदा बुडेल!” रिक्षात बसली तरी तो आवाज कानात होता. उधन्याला रिक्षा सिग्नलपाशी अडकली. तिनं कॅफेच्या मालकाला, चंचलभाईला, चार वेळा फोन लावला. त्यानं उचलला नाही.

ती कॅफेत पोचली तेव्हा पाच चाळीस झाले होते. दारात फुलांची कमान, आत तरुण मुलांची झुंबड, स्पीकरची चाचणी चाललेली. समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत ती काळी गिटार, पेटीवर लाल रेशमी कापड, आणि शेजारी चौकटीत तिचं खात्रीपत्र.

तिनं चंचलभाईला कोपऱ्यात गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग हसला.

“बेन, दीवार को क्या मालूम असली-नकली?”

“मला माहीत आहे ना. तुमचे पैसे मी परत करते. गिटार उतरवा.”

“दोनशे माणसं आलीत. रेडिओवाले आलेत. आज नाही. वाटलं तर महिन्याभरानं बदलू.” मग आवाज उतरवून, “तुम्ही गप्प राहिलात तर तुमचं नाव पण राहील, माझं पण. सोचो.”

“निदान माझा कागद तरी काढा.”

“कागद हीच तर किंमत आहे बेन.”

तो स्टेजकडं गेला. उज्ज्वला भिंतीला टेकून उभी राहिली. निघून जाता आलं असतं. दार दहा पावलांवर होतं. उद्यापासून ललितच्या वस्तू बंद केल्या असत्या, कुणाला पत्ताही लागला नसता. पायांनी दाराकडं दोन पावलं टाकलीसुद्धा.

तेवढ्यात कापड खाली आलं. टाळ्या पडल्या. पुढं उभी असलेली कॉलेजातली एक मुलगी काचेजवळ गेली आणि सहीच्या अगदी समोर, काचेला न लागता, तिनं हवेत बोट फिरवलं. अक्षर अक्षर.

“आणि ही खरी असल्याची खात्री देणाऱ्या,” ती गप्पच राहील असं धरून चंचलभाई माइकवर म्हणाला, “उज्ज्वलाबेन पाटील!”

ती स्टेजवर चढली. माइक हातात आल्यावर तिला स्वतःचा श्वास स्पीकरमधून ऐकू आला.

“ही सही मॅलरीची नाही,” ती हिंदीत म्हणाली. “कुणीतरी गिरवलेली आहे. मी खरी म्हणून सांगितलं. चूक माझी आहे.”

मग मोबाइल वर झाले. चंचलभाईनं माइक हिसकावला, “मजाक, मजाक!” म्हणत संगीत सुरू करायला लावलं. त्या गोंगाटात उज्ज्वला भिंतीपाशी गेली, खिळ्यावरून आपली चौकट काढली आणि काखेत धरून बाहेर पडली. कुणी अडवलं नाही. पाठीमागून कुणीतरी मात्र म्हणालं, “चोर है ये खुद.”

तो शब्द व्हिडिओसकट दोन दिवसांत सगळीकडं फिरला. तीन ऑर्डरी रद्द झाल्या. बंगळुरूच्या एका जुन्या ग्राहकानं एवढंच लिहिलं, ‘तुमच्याकडून घेतलेलं सगळं आता भिंतीवरून उतरवलंय.’ तो निरोप ती कितीदा तरी वाचत राहिली. चंचलभाईची गिटार तिथंच राहिली, कागदाशिवाय. तिच्यापुढं फोटो काढायला म्हणे रांग लागते.

पाचव्या दिवशी सकाळी ललित नवागामला आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मंगलाबाईनं त्याला पाणी दिलं, पण नेहमीसारखी विचारपूस केली नाही. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“सतरा आहेत,” तो म्हणाला. “तुमच्याकडून गेलेल्या अकरा. बाकी मी परभारे विकल्या. कोलकात्याची त्यातलीच. नावं, नंबर, सगळं आहे.”

त्याच्याकडून आलेल्या अकरांतल्या चार-पाचच खोट्या असतील असं उज्ज्वलाला वाटलं होतं. तिनं बोटानं एकेक नाव मोजलं.

“तुम्ही माझं नाव का नाही घेतलं तिथं?”

“ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे.”

“पोलिसात द्यायचं असेल तर द्या. मी येतो.”

“ते, ज्यांनी वस्तू घेतल्या, ते ठरवतील.” तिनं खुर्ची पुढं ओढली. “बस.”

तो बसला. उज्ज्वलानं यादीतला पहिला नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्यासमोर सरकवला.

“मी बोलू?” ललित मागं सरकला. “ताई, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात.”

“आता नाही ऐकत,” ती म्हणाली. “आधी तू. मग मी.”

पलीकडं रिंग वाजत होती. ललितनं दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. चौथ्या रिंगला फोन उचलला गेला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“मी... ललित वानखेडे, सुरतेहून,” तो म्हणाला, आणि थांबला. उज्ज्वला त्याच्याकडं बघत बसून राहिली. “तुमच्याकडची ती सही मी केलेली आहे.”