बॉनेटवरून घसरलेला चुंबक

मी लोहचुंबक बोलतो आहे. एका सरळ माणसाला त्याच्याच अंगणात लबाड ठरवण्यात आणि एका लबाड गाडीला निर्दोष ठरवण्यात माझा प्रत्यक्ष सहभाग होता. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. माझ्या बाजूने सांगण्यासारखे थोडेफार आहे, ते पुढे येईलच. पण कबुली शेवटासाठी राखून ठेवणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, म्हणून ती आधी दिली.

माझा आकार घोड्याच्या नालासारखा. पोलादाची पट्टी तापवून वाकवली, पाण्यात बुडवून कडक केली, विजेच्या वेटोळ्यात धरून तिच्यात ओढ भरली आणि तांबडा रंग दिला, की मी झालो. लाकडी पेटीत बसून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत दाखल झालो. तेथे तीस वर्षे मुलांनी माझ्यावर कागद ठेवून लोखंडाचा कीस पसरला. मुलांना मी आवडत असे, असा गैरसमज करून घेऊ नका. त्यांना टाचण्या लोंबकळताना पाहायला आवडे. त्यांतल्याच एकाने मला फरशीवर आपटले आणि माझ्या डाव्या टोकाचा टवका उडाला. त्याने क्षमा मागितली ती बाईंची, माझी नव्हे.

त्या प्रयोगशाळेची देखरेख ताईंकडे होती. परीक्षानळ्या मोजून देणाऱ्या आणि मोजून परत घेणाऱ्या. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी शाळेने जुने साहित्य मोडीत काढले. ताईंनी रीतसर अर्ज केला, सही दिली आणि मला घरी आणले. घरी माझी नेमणूक लोखंडी कपाटाच्या दारावर झाली. धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी धरून ठेवणे, एवढेच काम. इतक्या शिक्षणानंतर उशांचे अभ्रे मोजत बसायचे, हा अपमान मी मुकाट्याने गिळला.

घरात दुसरे माणूस म्हणजे ताईंचा भाऊ. वय बावन्न, पण सारे त्याला धाकटाच म्हणत. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवी. प्लास्टर, मेण, एक छोटा दिवा आणि ओळीने मांडलेले लोकांचे जबडे, हे त्याचे राज्य. आईवडील लवकर गेले. ताईंनी त्याला वाढवले आणि वाढवण्याचे काम पुढे थांबवलेच नाही. सदऱ्याचा रंगही तो त्यांना विचारून घेई.

एकच हौस त्याने न विचारता बाळगली होती. जमिनीलगत धावणारी, दोनच जागांची स्पोर्ट्स कार. त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. नजर कडांकडून आत आक्रसत होती. दिवसा गाडी चालवायला अजून हरकत नव्हती; दोन, फार तर तीन वर्षांनी मात्र परवाना आपल्या हाताने परत करावा लागेल, असे त्यांनी सांगितले. त्याची शिल्लक एका जुन्या गाडीपुरती होती. दुसरीपुरती नव्हती. म्हणजे चुकायला जागा नव्हती.

ताईंनी पंधरा दिवस विरोध केला. बसायला दोघे आणि आवाज पन्नास जणांचा, अशी त्यांनी त्या गाडीची संभावना केली. मग म्हणाल्या, “घ्यायचीच असेल तर मी पाहीन आणि मी ठरवीन. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

त्यांनी एका मासिकात वाचले होते की अपघातातल्या गाडीचे पोचे पुट्टीने भरून वर रंग मारतात; चुंबक लोखंडाला धरतो, पुट्टीला धरत नाही. त्यांनी मला कपाटावरून उतरवले आणि रंगावर ओरखडा उठू नये म्हणून फडक्यात गुंडाळले. खरे सांगतो, मला पुन्हा शाळेत रुजू झाल्यासारखे वाटले.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे होती. त्याच्या जिभेमुळे लोक त्याला साखऱ्या म्हणत. दोन मिनिटांत तो ताईंना आई म्हणू लागला. ताई त्याच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला डाव्या दारावर टेकवले आणि मी सरळ खाली आलो. दारावर बोटभर पुट्टी होती. साखऱ्याने दाराकडे पाहिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, फार निरखून. मी ते कौतुक समजलो.

दुसरी गाडी एका घड्याळजींच्या अंगणात उभी होती. निळी, सोळा वर्षे एकाच हातात राहिलेली. त्यांच्या गुडघ्याला आता क्लच दाबवत नव्हता, म्हणून विकायची होती. त्यांनी एक वही पुढे केली. तेल कधी बदलले, पट्टा कधी बदलला, सारे बारीक अक्षरात तारीखवार. ताईंनी अक्षर तपासले आणि वही मिटली. दारांना मी घट्ट धरले, मागच्या बाजूलाही धरले. मग त्यांनी मला बॉनेटवर ठेवले आणि हात काढून घेतला.

मी घसरलो. मधोमध ठेवले, घसरलो. कडेला ठेवले, तरी घसरलो.

येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. पुट्टीखाली लोखंड असते तेव्हा दुरून क्षीण ओढ लागते. या बॉनेटखाली तेवढीही नव्हती. तेथे लोखंडच नव्हते, हे मला कळले होते. पण मला एकच वाक्य बोलता येते, धरले किंवा सोडले. त्याचा अर्थ लावणे माझ्या हाती नाही. हा माझा बचाव. पटत नसेल तर सोडून द्या.

आणखी एकाला कळले होते. धाकट्याने वाकून बॉनेटवर नखाने टकटक केली. भरलेला दात आणि अखंड दात त्याला आवाजावरून ओळखता येतात. बॉनेटचा नाद पातळ आणि स्वच्छ आला. त्याने तोंड उघडले. ताईंनी नुसते त्याच्याकडे पाहिले आणि त्याने ते मिटले.

“पूर्ण बॉनेट पुट्टीचं आहे,” ताई म्हणाल्या. “समोरून आपटलेली गाडी तुम्ही आमच्या गळ्यात मारत होतात.”

“बाई, तो पत्रा लोखंडाचा नाही,” घड्याळजी म्हणाले.

“हा चुंबक तीस वर्षं शाळेत वापरलेला आहे.”

“माझी वही सोळा वर्षांची आहे.”

“वही काय, कुणालाही लिहिता येते.”

घड्याळजींनी वही उचलली आणि बाहीने पुसली. फाटकाकडे बोट दाखवले. परतताना ताई मला दोनदा म्हणाल्या की तू नसतास तर फसलोच असतो. मी सुखावलो. कबूल करतो.

तीनच दिवसांनी साखऱ्याचा फोन आला. नवी गाडी आली आहे, तांबडी, आणि येताना चुंबक आणायला विसरू नका, असे त्याने बजावले. फाटकाशीच तो म्हणाला, “आधी चुंबक लावा, आई. मग बोलू.” मी दाराला धरले, छताला धरले, बॉनेटला तर असा बिलगलो की ताईंना दोन्ही हातांनी ओढावे लागले. एवढा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. साखऱ्याने कागद पुढे केला. त्यात गाडी पाहून व तपासून घेतल्याचे लिहिले होते. धाकट्याने सही केली. त्याची शिल्लक त्या दुपारी संपली.

दहा दिवसांत गाडी डावीकडे ओढू लागली. मेकॅनिकने ती उचलून धरली, आसनांमागचे जाजम उचकटले आणि दोघांना खाली बोलावले. गाडीच्या तळातून आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वेल्डिंगचा जाड वळ गेला होता.

“ही एक गाडी नाही,” तो म्हणाला. “पुढून ठोकलेली एक, मागून ठोकलेली एक. दोघींचे चांगले अर्धे जोडलेत. जोरात ब्रेक लावलात तर पुढचा अर्धा थांबेल, मागच्याचं मी सांगू शकत नाही.”

ताईंनी पिशवीतून मला काढले आणि त्या वळावर टेकवले. मी घट्ट धरले. मेकॅनिक हसला. “धरणारच की, बाई. दोन्ही अर्धे लोखंडाचेच आहेत.”

ताईंनी त्याला निळ्या गाडीचे मॉडेल सांगितले आणि बॉनेटबद्दल विचारले. तो हात पुसत म्हणाला की त्या गाडीला बॉनेट अॅल्युमिनियमचेच येते. वजन कमी राहावे म्हणून कारखान्यातच तसे बसवतात.

ताईंनी मला वळावरून ओढून काढले. मग धाकटा म्हणाला, “मला कळलं होतं. आवाजावरूनच.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलायचं नाही, असं ठरलं होतं आपलं.”

“एवढ्या मोठ्या गोष्टीला?”

“छोट्या गोष्टीला तरी कधी बोलू दिलंस, ताई? बावन्न वर्षांचा आहे मी. माझ्याकडे दोन वर्षं होती आणि एक गाडी.”

हे तो ओरडून बोलला असता तर ताईंनी त्याला गप्प केले असते. तो हळू बोलला.

साखऱ्याने सहीचा कागद दाखवला आणि ताईंना विचारले की तपासली तुम्हीच ना, आई. मग उदारपणाचा आव आणून म्हणाला, की तिसऱ्या हिश्श्याच्या भावाने मी परत घेतो. म्हणजे पुढचे गिऱ्हाईक त्याला दिसू लागले होते. या वेळी ताईंनी धाकट्याकडे पाहिले आणि थांबल्या. धाकटा म्हणाला, “ती कुणाच्याही अंगणात जाता कामा नये.” ताई ‘बरोबर’ म्हणाल्या. त्याच्या मताला त्यांनी दिलेला हा पहिला होकार असावा.

गाडी मोडीत गेली. तेथे क्रेनला लोंबकळणारा, घराच्या दाराएवढा विजेचा चुंबक होता. त्याने ती तांबडी गाडी वळासकट, खोटेपणासकट अलगद उचलली. एक प्रश्न विचारला नाही. ताईंच्या मुठीतून मी ते पाहिले आणि माझ्या जातीची मला किळस आली.

मोडीच्या अंगणातून दोघे सरळ घड्याळजींकडे गेले. व्हरांड्यात टेबलावर त्यांची भिंगे आणि उघडी घड्याळे मांडलेली होती. ताईंनी सांगायला सुरुवात केली आणि पुरावा म्हणून मला पुढे धरले.

“ते आधी बाहेर न्या,” घड्याळजी म्हणाले. “त्याच्या वाऱ्याने घड्याळं बिघडतात.”

ताईंनी मला फाटकाच्या लोखंडी गजाला चिकटवले. पुढचे मी तेथून ऐकले. ताईंनी आपली चूक शब्दांची काटछाट न करता सांगितली. त्यांना असे बोलताना मी तीस वर्षांत ऐकले नव्हते. घड्याळजींना पाझर फुटला नाही.

“माफी मी दिलेली नाही, आणि गाडी तुम्हाला विकणार नाही,” ते म्हणाले. “पण ती उभी राहून सडते आहे. आणि यांनी त्या दिवशी बॉनेट वाजवून पाहिलं. ऐकणारा माणूस आहे.”

तुम्ही जुनी गाडी घ्यायला निघालात तर मला खुशाल न्या. मी खोटे बोलणार नाही. मात्र तुमच्याबरोबर आलेल्या माणसाला तोंड उघडू द्या. एवढेच मागणे आहे, आणि ते विनंतीच्या सुरात नाही.

ठरले ते असे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता धाकट्याने निळी गाडी चालवायची आणि घड्याळजींनी शेजारी बसायचे. कडेचे दिसेनासे झाले की धाकट्याने आपणहून सांगायचे. कोणी विचारणार नाही. तेलपाण्याची वही पुढे धाकट्याने लिहायची. ताईंनी हवे तर व्हरांड्यात बसावे, पण चुंबक फाटकाच्या आत येणार नाही. धाकट्याने तेथल्या तेथे मान्य केले. ताईंनी बराच वेळ घेतला आणि मान डोलावली. मला कोणी विचारले नाही. विचारले असते, तर मीही मान्य केले असते.