नवव्या नंबरचं पान

आमच्या कारखान्यात पिस्तुलाला नंबर मिळतो तो ते घडण्याआधीच. आराखडा नोंदवहीत चढला की पुढचा आकडा त्याचा. मग ते बाजारात जावो नाहीतर कपाटात कुजो. म्हणून नंबर तेरा झाले तरी विकायला पिस्तुलं पाचच. दुकानदार विचारतात, मधली कुठे गेली? आम्ही खाल्ली, दुसरं काय! गेलेला नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हा इथला जुना नियम. वही माझ्या ताब्यात, आणि लोखंडावर आकडे ठोकणंही माझ्याकडेच.

नऊ नंबर चाचणीच्या टेबलावरच फुटला आणि माझ्या थोरल्या भावाचा उजवा डोळा गेला. ‘चाचणी करणाऱ्याचा हलगर्जीपणा’ असं ठरवून कंपनीने दादाला फाटकावर बसवलं. सात वर्षं तो लोकांच्या पिशव्या तपासतोय आणि खाली मान घालून टोमणे ऐकतोय.

गेल्या वर्षी वही माझ्याकडे आली तेव्हा मी आधी नववं पान उघडलं. दादाचं अक्षर : ‘दोनशे गोळ्यांनंतर वरच्या भागाला तडा. चाचणी थांबवावी.’ खाली दुसऱ्या अक्षरात : ‘चालू ठेवा.’ सही आमच्या आताच्या मोठ्या साहेबांची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वही खोलीबाहेर न्यायची नाही, आणि जुनं पान मागायचा हक्क फक्त सरकारी तपासनिसाचा, तोही कारण असेल तरच.

आज सकाळी साहेब नव्या पिस्तुलाचा सांगाडा घेऊन आले.

“बाई, याच्यावर नऊ ठोका.”

“चौदा, साहेब.”

“यात गोळ्या नऊ बसतात. गिऱ्हाइकाला कळायला सोपं. जुनं पान काढून टाका, नवं लावा.”

“आपल्याकडे नंबर गोळ्यांवरून पडत नाही, वहीवरून पडतो. मी नाही ठोकणार.”

“मग मी ठोकतो.” त्यांनी हातोडी उचलली.

इंग्रजी आकड्यांच्या पेटीत सहा आणि नऊ यांना मिळून एकच पंच, म्हणजे ठोकायचा ठसा, असतो. त्याच्या अंगावर एक खाच. खाच आपल्याकडे धरली तर सहा उमटतो, समोर धरली तर नऊ. साहेबांनी ती आपल्याकडे धरली. मला दिसलं, आणि मी मुद्दाम गप्प बसले. घाव बसला. सहा! आणि सहा नंबर तर दुकानोदुकानी विकला जातोय.

“घासून काढा हे!”

“घासा की. तेजाब लावलं की आतला आकडा पुन्हा दिसतो. तपासनीस चारला येतायत.”

“मग लिहा, बाईंच्या हातून चूक झाली.”

“एकदा पचलं, साहेब. माझ्या भावाच्या वेळी. आता नाही पचणार.”

बिघडलेल्या सांगाड्याची नोंद कारणासकट करावीच लागते. मी त्यांच्यासमोरच लिहिलं : ‘साहेबांनी स्वतः नऊ ठोकायला घेतलं, सहा पडलं.’

“कामावरून काढीन!”

“काढा. नोंद झाली आहे.”

चार वाजेपर्यंत वही मांडीवर घेऊन बसले. जेवायलासुद्धा उठले नाही. साहेब तीनदा डोकावून गेले.

तपासनिसांनी नोंद वाचली आणि चष्मा काढला. “नऊ? तो तर गेलेला नंबर. तो कशाला हवा होता?”

“नववं पान बघता का?” मी विचारलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “ही चाचणी केली कुणी?”

“फाटकावर आहेत.”

“बोलवा त्यांना.”

मी धावतच गेले. मला बघून दादाचा चेहरा पडला. “काय गं, काढलं का तुला?”

“अजून नाही. तुझं पान उघडलंय. चल.”

त्याने टोपी सारखी केली. “माझं अक्षर आहे त्यात अजून?”

“आहे. त्यांचंही आहे.”

नोंदखोलीच्या दारात साहेब उभे होते. दादा सवयीने कडेकडेने जायला लागला. मी त्याचा दंड धरला आणि दाराच्या मधोमध उभी राहिले.

“साहेब, बाजूला व्हा,” मी म्हटलं. “चाचणीवाले आत जातायत.”