खळग्यातलं कुंकू

शहरात नळाला पाणी नवव्या दिवशी.

लॅबच्या स्क्रीनवर करंटच्या दोन रेघा, एकीवर एक, तंतोतंत.

लॅबच्या खिडकीतून दिसणारी, डोंगर पोखरून बसवलेली नवी कॉलनी. रस्ते आहेत, टँकर आहे, नळ नाहीत.

"यंत्रांना दसऱ्याला हळदकुंकू नाय लावायचं, मग काय शिव्या द्यायच्या?" चिकलठाण्याच्या लॅबची झाडलोट करणाऱ्या दगडाबाई.

"सही कर." लॅबचे प्रमुख मंदार सर.

इंजिनिअर मनस्विनी तपासणीच्या अहवालावर सही करत नव्हती. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या कंट्रोलरसाठी चार हजार चिप एका लॉटमध्ये आल्या होत्या. कुणी त्यांच्यात चोरून जादा सर्किट घुसवलंय का, हे शोधणं तिचं काम. चुकली, तर शहराचे नळ कुणाच्या तरी इशाऱ्यावर. रीत सोपी होती: खात्रीची एक नमुना चिप कपाटात जपायची आणि नवी चिप तिच्या शेजारी चालवायची. जादा सर्किट करंट खातंच, रेघ हलते. इथं केसभर हलत नव्हती.

तिनं नमुना भिंगाखाली धरला. पहिली पिन दाखवणारा कोपऱ्यातला खळगा स्वच्छ होता.

"मावशी, दसऱ्याला ह्या नमुना चिपलाही कुंकू लावलं होतं ना?"

"व्हय. त्या खड्ड्यात बसलं ते निघंनाच. सर लई वरडले मला."

"सर, नमुना बदललाय. लॉटमधलीच चिप ठेवलीय. चोराशेजारी चोर उभा केला, तर रेघा जुळणारच."

"इंजिनिअर बाई, अन् पुरावा कुंकवाचा! उद्या अंगारा फुंकून टेस्ट कर."

"उघडून बघते."

"ॲसिड टाकलंस तर नमुना गेला, अन् नोकरीपण. कपाटाची किल्ली माझ्याकडं असते, विसरू नकोस."

"तेच विसरत नाहीये, सर."

तिनं चिमट्यानं चिप उचलली, धूर खेचणाऱ्या कपाटात ठेवली, ॲसिड सोडलं. काळं कवच विरघळेपर्यंत सर तिच्या डिग्रीपासून बापापर्यंत सगळं काढत राहिले. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: चिपच्या नकाशात मोकळी जागा होती, तिथं बेकायदा प्लॉट पाडावेत तशी गुंठेवारी झाली होती. दाटीवाटीनं कोंबलेलं सर्किट. ते काय करणार, हे कळायला आठवडे लागले असते. तिथं नको होतं, एवढं पुरे.

तिनं अहवालात लॉटपुढं 'नापास' लिहिलं, फोटो जोडला, सही केली.

सरांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र हिसकलं. "नीघ. तुझ्या सहीवाचून कुणाचं अडत नाही."

"मग सकाळपासून मागत कशाला होतात?"

त्याच लॉटमधल्या चिपचे चौदा कंट्रोलर मुकुंदवाडीच्या पाण्याच्या टाकीवर आदल्या मंगळवारीच, सहीवाचून, बसले होते.