पाठकोरा कागद

हेमाताईंच्या शब्दकोड्यांना वाचक नव्हता, आणि तो असावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या सकाळी फूटपट्टी घेऊन बसत, चौकटी आखत आणि शब्दांत शब्द अडकवत. सूत्रं सुचत ती नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीतूनच. 'तिसऱ्या मजल्यावरून रोज ऐकू येते.' 'आप्पासाहेब ती परत करत नाहीत.' स्वतःशीच हसायचं आणि कोडं ड्रॉवरमध्ये टाकायचं.

ड्रॉवर भरला की मात्र पंचाईत व्हायची. एका बाजूने कोरा असलेला कागद रद्दीत घालणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. दुपारी चारला इमारतीतली मुलं गणितं करायला येत, त्यांना हे पाठकोरे कागद मिळत. मागचं कोडं कुणी बघतही नसे.

त्यातलाच एक कागद आज सकाळी दाराखालून आत सरकवलेला सापडला. एका बाजूला त्या मुलांतल्या छोट्या मैत्रीचे भागाकार, दुसऱ्या बाजूला कोडं, आणि ते पूर्ण सोडवलेलं.

हेमाताईंना आधी चक्क आनंद झाला. चष्मा लावून त्या तपासू लागल्या. सगळं बरोबर होतं. फक्त एका सूत्रापाशी त्या थांबल्या. 'आनंदीबाईंची किल्ली हिच्या कुंडीत.' चार घरांत 'कोरफड' लिहिलं होतं. मग त्यावर एक सरळ रेघ, आणि शेजारी छोट्या चौकटीत: 'आता मीटरच्या मागे.'

मैत्री शाळेला निघाली होती. हेमाताईंनी तिला जिन्यातच गाठलं.

"त्याचं मी विमान केलं होतं आजी! गॅलरीतून उडवलं. पार रस्त्यापलीकडे गेलं!"

हेमाताईंच्या खाली, पहिल्या मजल्यावर, आनंदीबाई एकट्या राहत. दुपारी कानातलं यंत्र काढून झोपल्या की बेल ऐकू येत नसे, म्हणून कामवालीसाठी किल्ली बाहेर ठेवलेली असे.

"किल्ली हलवलीत का हो?" हेमाताईंनी मोठ्याने विचारलं.

"परवा हलवली. कोरफड कुजली, कुंडीच टाकून दिली. पण तुला कोणी सांगितलं? मी फक्त कामवालीच्या कानात सांगितलं होतं."

"कानात म्हणजे तुमच्या नेहमीच्या आवाजात ना?"

"म्हणजे शनिवारवाड्यापर्यंत गेलं असणार. असंच ना? म्हण की सरळ."

हेमाताईंनी मीटरच्या मागे हात घातला. बोटांना जळमटं लागली. किल्ली नव्हती. कामवालीला फोन केला, तर ती गावाला गेलेली. "मी कशाला नेऊ, बाई? तिथंच हाय की."

हेमाताईंनी मग आनंदीबाईंना सगळं सांगितलं.

"माझी किल्ली कोड्यात?" आनंदीबाई म्हणाल्या. "एवढं करण्यापेक्षा दारावर पाटीच लावायचीस."

कुलूपवाला संध्याकाळी येतो म्हणाला. वर्ग आज इथेच घेऊ असं ठरवून, जेवण उरकून हेमाताई खाली आल्या, दाराला आतून कडी घातली आणि बाहेरच्या खोलीत बसल्या. आनंदीबाई यंत्र काढून आत झोपल्या.

दुपार सरत आली. खालच्या दुकानांची शटर वर जाऊ लागली. हेमाताईंनी कागद पुन्हा उलगडला. ती सरळ रेघ. ती छोटी चौकट. सकाळपासून काहीतरी खुपत होतं, ते आता कळलं. चुकलं तर गिरगटायचं नाही, एकच रेघ मारायची आणि बरोबर उत्तर शेजारी चौकटीत लिहायचं. ही शिस्त त्यांची होती. आयुष्यभर, प्रत्येक वर्गाला, न चिडता, पुन्हा पुन्हा सांगून लावलेली. हा त्यांचाच कुणी विद्यार्थी होता.

आणि दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली.

दार बोटभर आत आलं आणि कडीला अडलं. बाहेरच्याने पुन्हा एकदा रेटून पाहिलं. कडीचा एक स्क्रू भिंतीतून थोडा पुढे आला. मग रेटणं थांबलं.

"बाई," आवाज अगदी अदबीचा होता. "तुम्ही आत आहात का? कोडं छान होतं. आणखी आहेत?"

तेवढ्यात खालून मुलांचा कालवा ऐकू आला. हेमाताई खिडकीशी धावल्या. मुलं फाटकातून आत शिरत होती.

"वर येऊ नका!" त्या ओरडल्या. "समोरच्या दुकानात जा! पळा! सगळे पळा!"

बाईंचा असा आवाज मुलांनी कधी ऐकला नव्हता. ती वळली आणि पळत सुटली. दार अलगद मिटलं. जिन्यावरून पावलं खाली जाऊ लागली, सावकाश, एकेक पायरी घेत.

मैत्री मात्र सगळ्यांच्या पुढे होती, पार जिन्याच्या तोंडाशी. तीही वळली होती. पण मागून कुणीतरी मोठं माणूस उतरत होतं, आणि जिन्यात मोठ्यांना वाट द्यायची, हेही हेमाआजीनेच शिकवलं होतं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"मैत्री!" हेमाताईंनी कडी ओढली. पुढे आलेल्या स्क्रूमुळे ती अडकली. त्या दोन्ही हातांनी ओढत राहिल्या.

खालून तोच अदबीचा आवाज वर आला.

"शाब्बास. तुला कोणत्या बाई शिकवतात गं?"