दाजी खडकावर बसले

सायकलवरून कोकण बघायचं खूळ कोंडाजीचं. त्याच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, असलं काही नव्हतं. श्रीपतीदाजी पवनानगरचे. शेतात भात, धरणात जाळं आणि संध्याकाळी चार माणसांत गप्पा, एवढ्यावर सुखी असलेला माणूस. पण मेहुण्यानं दिवाळीपासून त्यांच्या कानाशी भुणभुण लावली होती. भात झोडून घरात आलं, आता काय अडलंय, साठी जवळ आली तरी समुद्राचा रस्ता सायकलवरून बघितला नाही, हे काय जगणं झालं? शेवटी दाजी वैतागून मुलाची गिअरची सायकल घेऊन तयार झाले.

शकूआक्काला हे मुळीच पसंत नव्हतं. निघताना तिनं नवऱ्याला काही सुनावलं नाही. त्याला सांगून उपयोग नसतो हे तिला लग्नापासून माहीत होतं. तिनं भावाला गाठलं. "घिऊन तू चाललायस," ती म्हणाली. "परत आणायचं बी तूच."

पहिला दिवस झकास गेला. दुधिवरे खिंडीत दाजींनी दोनदा सायकल हातात धरली, पण लोणावळ्याला चहा पोटात गेल्यावर गडी ताजातवाना झाला. घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली, तरी मेहुण्याला शिव्या घालण्यापुरता दम त्यांच्यात शिल्लक होता. खोपोली, पेण करत दोघं दिवेलागणीला अलिबागला पोहोचले आणि ओळखीच्या एका घरी मेल्यासारखे झोपले.

खरी सफर दुसऱ्या दिवशी सुरू झाली. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नारळी-सुपारीच्या वाड्या, रस्ता सपाट. दाजी पुढं आणि कोंडाजी मागं. दाजी गाणं म्हणायला लागले तेव्हा कोंडाजीला वाटलं, आपण ह्या माणसाला आणलं हे फार चांगलं केलं. असं वाटलं की समजावं, आता काहीतरी होणार.

रेवदंड्याच्या अलीकडे एका कोळीवाड्यापाशी कोंडाजीचं मागचं चाक बसलं. पंक्चर काढायचं म्हणून तो सुरूच्या सावलीत सामान पसरून बसला. समोर लांबलचक ओली वाळू होती, आणि वाळू संपते तिथं एक मोठा काळा खडक. खडकावर खोलीएवढं देऊळ. दाजी म्हणाले, तुझं होईस्तोवर तिथं जाऊन येतो. फोन त्यांनी मेहुण्याच्या पिशवीत टाकला आणि त्या घट्ट वाळूवरून पोराच्या उत्साहानं सायकल मारत निघाले. पाणी खडकाच्याही पलीकडे होतं.

आता ह्यात चूक कुणाची म्हणायची? धरणाचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत सावकाश उतरतं. सकाळी काठावर ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथंच सापडते. भरती आणि ओहोटी हे शब्द दोघांनीही शाळेत पाठ केले होते, पण पाठ केलेलं निराळं आणि अंगवळणी पडलेलं निराळं. पाणी लांब आहे म्हणजे ते लांबच राहणार, ह्याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

कोंडाजीनं पंक्चर काढलं, हवा भरली, चेनला तेल दिलं. मग अंग जरा टेकलं, आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली ती लाटांच्या आवाजानं. समोर वाळू नव्हती. किनारा आणि खडक ह्यांच्यामध्ये पाणीच पाणी होतं, आणि खडकाच्या पायथ्याशी सायकलचं एक हँडल तेवढं वर दिसत होतं. कोंडाजी धडपडत उठला. मग देवळाच्या कठड्यापाशी दाजी दिसले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ राहिला नाही, कारण दाजी अंगातला सदरा काढत होते.

शेजारी एक कोळीणबाई मासळी वाळत घालत होती. तिनंही कपाळावर हात धरून तिकडं बघितलं. घाबरू नका, असं ती म्हणाली. तिथं पाणी कधी चढत नाही, संध्याकाळी ओहोटी लागली की चालत येईल. मग तिनं विचारलं, त्याला पोहता येतं का? लय चांगलं येतं, कोंडाजी अभिमानानं म्हणाला. धरणाच्या ह्या काठावरून त्या काठाला गेलेत.

बाईचा चेहरा उतरला.

"मग वाईट," ती म्हणाली. "न येणारा गप बसतो. खडकाच्या नि किनाऱ्याच्या मधल्या फटीत पाण्याला ओढ असते, आमची पोरंपण भरतीला तिथं उतरत नाहीत. त्याला उडी मारू देऊ नका."

होड्या सगळ्या मासेमारीला गेलेल्या. कोंडाजी पाण्याच्या कडेला धावला आणि जीव खाऊन ओरडला, पण लाटांच्या गाजेत त्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येईना. त्यानं दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. हात हलवून 'नको' म्हणणं आणि 'या' म्हणणं लांबून सारखंच दिसतं. दाजींनी उलट हात केला, बनियनही काढली आणि खडकाच्या खालच्या टप्प्यावर उतरले.

त्यानंतर आपण काय केलं हे कोंडाजीला नीट सांगता येत नाही. आक्काला काय सांगू, आक्काला काय सांगू, एवढंच डोक्यात चाललं होतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. धरणाकाठी वाढूनही ह्या गड्याला पोहता येत नव्हतं. लहानपणी एकदा नाकातोंडात पाणी गेलं होतं तेव्हापासून तो काठावरचाच राहिला होता. ते त्या घडीला त्याच्या ध्यानातच आलं नाही. एक लाट तोंडावर आली, पायाखालची वाळू सरकली, आणि मग कुणीतरी मागून गचांडी धरून त्याला ओढलं. कोळीणबाई होती. तिनं त्याला वाळूवर आणून आपटलं आणि आपल्या बोलीत जे काही ऐकवलं, त्यातलं निम्मं त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

खोकत खोकत त्यानं मान वर केली. दाजी बसले होते. देवळाच्या पायरीवर, मांडी घालून, सदरा डोक्यावर घेऊन. पोहायचं त्यांनी का सोडलं कोण जाणे, पण ते हलत नव्हते, आणि हलत नव्हते हेच फार होतं. कोंडाजीनं देवळात कुठला देव आहे हे माहीत नसताना हात जोडले.

मग नुसतं बसणं आलं. दुपारी फोन वाजला. आक्काच. जेवलात का, आणि ते कुठायत? कोंडाजी म्हणाला, देवळात बसलेत. ज्या माणसानं घरच्या देव्हाऱ्याला कधी उदबत्ती लावली नाही तो भरदुपारी देवळात बसलाय म्हटल्यावर बायकोला काळजी वाटणारच. त्यांना बरं आहे ना, असं तिनं दोनदा विचारलं. कोंडाजीनं दोन्ही वेळा, खडकाकडे बघून खात्री करून, व्हय म्हटलं.

ऊन कललं तशी वाळू हळूहळू वर आली. पाणी पोटरीला आल्यावर दाजी उठले, सायकल खांद्यावर घेतली आणि चालत निघाले. कोंडाजी अर्ध्या वाटेत सामोरा गेला. सायकलच्या चेनमधून पाणी आणि शेवाळ गळत होतं. दाजींची पाठ उन्हानं रापली होती, ओठ फुटले होते. कोंडाजीनं दिलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं.

आता शिव्या बसणार म्हणून कोंडाजी खाली मान घालून उभा राहिला. बसल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. शिव्या येईनात तेव्हा त्यानंच विचारलं, "दाजी, तुमी तर पवायला उतरलावता. थांबला कसं?"

"तू पाण्यात शिरलास की." दाजींनी बाटलीचं झाकण लावलं. "म्हटलं, मी निघालो तर ह्यो आनखी आत येतोय. माजं मी बगितलं असतं. तुला कोन काडनार व्हतं? शकूला मी काय सांगितलं असतं?"

कोंडाजी वाळूत बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, वाळूवर मासळी गोळा करणाऱ्या बाया बघतायत, ह्याचंही त्याला भान राहिलं नाही.

दाजींनी सायकल आडवी टाकली, शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उगी," ते म्हणाले. "आलोय की मी."